माझीच बॅग

सरांनी माझी बॅग उलटी केली. टेबलावर. सगळ्यांसमोर.

डबा आपटला, झाकण उडालं आणि बोंबलाची चटणी काचेवर पसरली. पेनड्राइव्ह, कंगवा, हेडफोन, घराची चावी. आणि कागदात गुंडाळलेलं पॅड. ते सरकत जाऊन निनादच्या कीबोर्डला टेकलं. निनादने मान खाली घातली. केतकीने नाकाला ओढणी लावली. बाई गं, गेल्या आठवड्यात याच चटणीची बोटं चाटत होतीस की.

"पासवर्ड कुणाला दिलास?" सरांनी विचारलं.

अंधेरीत सरांचा स्टुडिओ. लग्नाचे व्हिडिओ बनतात. मी, निनाद आणि केतकी, आम्ही तिघं एडिटिंग करतो. त्या दिवशी दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, मशीन लावलं, तर माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर एकच पाटी. तुमच्या परवान्याची पडताळणी होत नाही, अस्सल सॉफ्टवेअर वापरा. मी लॉगआउट केलं, परत लॉगिन केलं. मशीन बंद करून चालू केलं. सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. पाटी तीच. आणि बाकी दोघांची मशीनं मस्त चालू. संध्याकाळी क्लायंट फिल्म न्यायला येणार, आणि ती फिल्म माझ्याच मशीनवर अर्धी कापलेली.

सर मागे येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून.

"सगळ्यांचं चालतंय. तुझंच कसं बंद पडलं?"

त्यांनी हिशेब लावून टाकला होता. परवाना ठरावीक मशीनांपुरता. बाहेरचं कुणीतरी आपला पासवर्ड वापरतंय, म्हणून आतलं एक मशीन बाहेर फेकलं गेलं. आता बाहेरचं कोण? मी राहते त्या मानखुर्दचं. दुसरं कोण असणार!

"तुमच्या तिकडे गल्लीगल्लीत चोरीची सॉफ्टवेअर मिळतात ना? तिथेच विकलास का?"

फोन मागितला. दिला. माझे फोटो बघितले, माझ्या भावाचे मेसेज मोठ्याने वाचले. काही मिळालं नाही म्हणून मग बॅग.

खरं सांगू? मला या माणसाचा वास पहिल्याच दिवशी आला होता. नाव विचारलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग मूळ गाव. मग हसून म्हणाले, "आपल्याकडे असलं काही मानत नाहीत हं." अरे, मी कुठे विचारलं होतं? न विचारता जो असं सांगतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा. मी ठेवला होता. तरी तीन वर्षं नाक मुठीत धरून राबले, कारण घरात आई आणि शिकणारा भाऊ आहे.

याच सुट्टीआधीच्या खंडेनवमीचं सांगते. स्टुडिओत त्या दिवशी हत्यारांची पूजा. आपली हत्यारं म्हणजे कॅमेरे आणि कंप्युटर. प्रत्येकाने आपापल्या मशीनला हळदकुंकू लावायचं. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणणारी माणसं. पण मशीन माझं. त्याच्यावर दिवसभर मी बसते. मी ते पुसलं, मानखुर्दच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणल्या, सगळ्यांच्या मशीनांना बांधल्या. कुंकवासाठी हात पुढे केला, तर सरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ताट मागे घेतलं.

"तू राहू दे गं. केतकी लावेल. तुमच्यात नसतं ना हे?"

हसून म्हणाल्या. माझे झेंडू चालले, बोट चाललं नाही. माझ्या मशीनला केतकीने कुंकू लावलं. मग सरांनी मेन स्विच पाडला. "आज हत्यारांना विश्रांती," म्हणाले. दसरा उलटेपर्यंत सगळं बंद.

तर आता बॅगेतही काही मिळेना, तेव्हा कुठे त्यांना अक्कल आली. सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला निनादने फोन लावला. स्पीकरवर. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंप्युटर में तारीख क्या दिखा रहा है?"

निनाद माझ्या पडद्यावर वाकला. कोपऱ्यात कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख. स्टुडिओतलं सगळ्यात जुनं मशीन माझ्या वाट्याला आलेलं. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल मेला होता. पूजेसाठी वीज बंद केली आणि घड्याळ मागे गेलं. परवाना आजचा, मशीन जुन्या काळात. जुळणार कसं? निनादने तारीख बदलली. सॉफ्टवेअर उघडलं.

"हात्तिच्या! सेल गेलाय होय!" सर खदखदून हसले. "चल, बस कामाला. आणि ते आवर आधी, वास सुटलाय."

बस? एवढंच? मला चोर म्हणालात त्याचं काय? माझ्या अंगात नुसती आग पेटली. मी उभीच राहिले.

"तुम्ही ओतलंय. तुम्ही भरा."

"काय?"

"बॅग. तुम्ही भरा."

केतकी उठली. "जाऊ दे ना यार, मी भरते."

"तू बस गं. कुंकू लावलंस तेवढं पुरे."

"नोकरी जड झाली वाटतं?" सर म्हणाले. तेवढ्यात क्लायंटचा फोन वाजला. निघालोय म्हणाला. सरांनी माझ्याकडे बघितलं, पडद्यावरच्या अर्ध्या फिल्मकडे बघितलं. आणि वाकले.

कंगवा टाकला. हेडफोन, चावी, पेनड्राइव्ह. चटणी कागदाने निपटली, डबा दोन बोटांनी उचलला. पॅड तसंच ठेवलं.

"ते पण."

तेही उचललं. तोंड लालबुंद झालं होतं.

मी बॅगेची चेन लावली, खांद्याला अडकवली आणि दाराकडे निघाले.

"अगं, फिल्म?"

मी थांबेन असं म्हटलंच नव्हतं.

"एक फोन फिरवला ना, अंधेरीत कुणी उभं करणार नाही तुला!"

फिरवला असणार. कारण अंधेरीत खरंच कुणी उभं केलं नाही. घरी आई म्हणाली, "बरं केलंस." मग म्हणाली, "पण आता खायचं काय?"

परवा मुलुंडला एका स्टुडिओत गेले. मालकाने बसायला खुर्ची दाखवली, काम बघितलं, आवडलं म्हणाला. मग विचारलं, "पूर्ण नाव काय?"

आडनावासकट सांगितलं. खणखणीत. आणि उभ्याउभ्याच मी विचारलं, "तुमच्याकडे काही बिघडलं, हरवलं, तर बॅगा सगळ्यांच्या उघडता की एकीचीच?"

तो हसला. मी हसले नाही.

हे मी आता प्रत्येक दारात विचारणार. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवर बसणार नाही.