दसऱ्यापर्यंतचा विमा

“आधी तारीख वाचा, मग देवाचं नाव घ्या.”

सत्यशीला रणपिसे दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य म्हणायच्या. म्हणताना स्वतः हसायच्या नाहीत. समोरचा हसला तर त्याला हसू द्यायच्या, आणि हसणं संपलं की त्याच्या गाडीचा नंबर विचारायच्या.

कात्रजच्या डेअरीच्या जरा पुढे, राकेशच्या झेरॉक्सच्या गाळ्यात त्यांचं टेबल होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर. दारात पुठ्ठ्याची पाटी, अक्षर त्यांचंच, ओळीला ओळ लागलेलं: ‘गाडीचा विमा चालू आहे का, ऑनलाइन बघून मिळेल.’ लोक म्हणायचे, हे तर आता मोबाईलवर कुणालाही बघता येतं. बाई म्हणायच्या, “येतं ना. पण बघतं कोण?”

त्यांचे वडील दापोडीच्या कारखान्यात फिटर होते. छप्पन्न साली घराने बौद्ध धम्म घेतला आणि त्यानंतर तीन वर्षांनी ही मुलगी झाली, तिचं नाव त्यांनी विचार करून ठेवलं. शनिवार पेठेतल्या टायपिंगच्या क्लासला ती दापोडीहून सायकलवर जायची. पुढे विमा कंपनीच्या ऑफिसात लागली, नुकसानभरपाईच्या विभागात. नव्वदनंतर ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा मोठमोठे हेडक्लार्क त्याला हात लावायला भीत होते. बाईंनी मात्र जेवणाच्या सुटीत डबा उघडायचा सोडून ते मशीन उघडलं. तीस वर्षं त्यांनी अपघातांच्या फायली वाचल्या. विम्याची मुदत दोन दिवसांनी हुकली म्हणून परत गेलेल्या फायली त्यांनी स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी त्यांनी हे टेबल मांडलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पितृपंधरवड्यात, एका गुरुवारी. ऑक्टोबरची चार तारीख होती.

आमचं गाव कात्रजचा घाट उतरून पलीकडे. धाकटा भाऊ बजरंग पुण्यात गाडी चालवतो आणि आई, यमुनाबाई, त्याच्याजवळच राहते. वडिलांचं श्राद्ध दशमीला, म्हणून मी गावाहून आलो होतो. पानं वाढून झाली, कावळा शिवला, जेवणं झाली. मग बजरंग म्हणाला, “दादा, चल जरा. एक कागद काढायचाय.” आई म्हणाली, मीबी येते, घरात बसून काय करू.

गाडी पिवळ्या पाटीची, पांढरी. मागच्या दसऱ्याला घेतलेली. वडील गेल्यानंतर घरात आलेली ती पहिली मोठी वस्तू. बजरंग ती हिंजवडीच्या एका कंपनीतल्या लोकांच्या ने-आणीला लावायचा. ते काम मिळवून देणारे कंत्राटदार दिगंबर साने कोथरूडचे. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना कळवलं होतं की शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गाडी घेऊन यायचं आणि विमा चालू असल्याचा ऑनलाइन कागद दाखवायचा. ज्याचा कागद नसेल त्याची गाडी कामावरून बंद.

बजरंगला काडीचीही काळजी नव्हती. विम्याचा कागद त्याने प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतला होता, वर हळदीकुंकवाची दोन बोटं. तो त्याने बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी कागदाला हात लावला नाही. उठल्या, बाहेर आल्या, गाडीच्या पाटीवरचा नंबर तळहातावर पेनाने लिहून घेतला, पुन्हा आत जाऊन बसल्या. ही त्यांची रीत होती. नंबर घ्यायचा तो गाडीकडून, कागदाकडून नाही.

नंबर टाकला. पडदा जरा वेळ कोरा राहिला. मग त्या म्हणाल्या, “आपली गाडी आत्ता इथवर कोणी चालवत आणली?”

“मीच की.”

“मग आता ढकलत न्यावी लागेल. एकोणतीस सप्टेंबरला विमा संपलाय.”

बजरंग हसला. “अहो ताई, काहीतरी चुकतंय तुमचं. विमा दसऱ्याचा आहे. गेल्या दसऱ्याला काढला, या दसऱ्याला संपणार. दसऱ्याला अजून चौदा दिवस आहेत. पैसेसुद्धा बाजूला काढून ठेवलेत.”

“गेल्या वर्षी दसरा कधी होता?”

बजरंग बोटांवर मोजू लागला. उत्तर मला ठाऊक होतं. शेती करणाऱ्याला सण आणि तारखा दोन्ही सांभाळाव्या लागतात. मी म्हणालो, “तीस सप्टेंबरला. आणि यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणून अठरा ऑक्टोबरला गेलाय.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “विमा कंपनीत पंचांग ठेवत नाहीत हो. तिथे भिंतीवर कॅलेंडर असतं. तुमचा अधिक महिना त्यांनी धरलेला नाही.”

मला आमच्या गावाचा अभिमान आहे. आमचा माणूस बैलाच्या दातावरून वय सांगतो, ढगाच्या रंगावरून वारा सांगतो. पण त्या वेळी मला कळलं की आम्ही गाडी घेतो मुहूर्तावर, पुजतो मुहूर्तावर आणि तिचा विमाही मुहूर्ताच्या हवाली करून निर्धास्त होतो. दोन वर्षं दसरा अलीकडे सरकतो आणि कुणाच्या काही ध्यानात येत नाही. तिसऱ्या वर्षी तो पुढे जातो, आणि मधले दिवस उघडे पडतात.

बजरंगचा चेहरा उतरला. पाच दिवस तो गाडीत चार-चार माणसं घेऊन हिंजवडीला जात-येत होता.

पलीकडून राकेश म्हणाला, “एवढं काय त्यात? कागद स्कॅन करतो. तारीख बदलायची. दोन मिनिटांचं काम. साने काय भिंग लावून बघणारेत?”

“राकेश,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “तू लग्नपत्रिका छाप. त्यात तारीख चुकली तर फक्त जेवण वाया जातं.”

मग त्यांनी बजरंगला सगळं समजावून सांगितलं. मुदत संपलेल्या गाडीला विमा परत मिळतो, पण आधी कंपनीचा माणूस येऊन गाडी बघतो. तो आज आला तर कागद संध्याकाळपर्यंत निघेल आणि विमा रात्री बारापासून लागू होईल. तोवर गाडी जागची हलवायची नाही.

“संध्याकाळची पाळी आहे माझी.”

“आजारी पडलात तर पाळी कोण करतं?”

“दुसरा जातो.”

“मग आज गाडी आजारी आहे असं समजा.”

बजरंगने मुकाट्याने फोन लावून पाळी दुसऱ्याला दिली. आता अडलं ते आईपाशी. ती इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “पित्राच्या पंधरवड्यात नवा कागद करायचा न्हाई. आज तर ह्येंची तिथ हाय. दसऱ्यापातुर ऱ्हाऊ दे गाडी उभी.”

“आई, दसऱ्यापर्यंत उभी राहिली तर काम जाईल,” बजरंग म्हणाला.

“जाऊ दे गेलं तर. वंगाळ झालं म्हंजे काय करशील?”

बजरंगने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आईच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नाही.

बाईंनी खुर्ची वळवून आईच्या समोर घेतली. “यमुनाबाई, आज स्वयंपाक कुणी केला?”

“म्याच केला. सूनबी हुती.”

“चूल पेटवली?”

“ग्यास पेटवला. न्हाईतर सैपाक कसा व्हायचा?”

“सण नाही, शुभ दिवस नाही, तरी पेटवला.”

“अवो बाई, नवी चूल मांडत न्हाईत ह्या दिसांत. व्हती ती पेटवायला काय हरकत?”

“तेच म्हणते मी. हा कागद नवा नाही. गाडी तीच, नंबर तोच, मुलगा तोच. विझलं होतं ते पेटवायचंय.”

आईने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “तुमच्यात पितर घालत्यात का?”

“नाही घालत. पण वडिलांची आठवण येते. ते असते तर म्हणाले असते, सत्या, मशीनला तेल घालायला वार बघू नये.”

आईने पदराने चेहरा पुसला. “आमचं ह्येबी असंच बोलायचं,” ती म्हणाली, आणि बजरंगकडे वळली. “कर बाबा. बाई सांगत्यात तसं कर.”

बाईंनी जुन्या ऑफिसातल्या कुणाला तरी फोन केला. साडेचारला एक माणूस स्कूटरवरून आला. त्याने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, बॉनेट उघडून चासीवरच्या नंबरावर कागद धरला, वरून पेन्सिल घासून छाप घेतली आणि निघून गेला. सात वाजता प्रिंटरमधून नवा विमा बाहेर आला. तारीख पाच ऑक्टोबरपासून. गाडी रात्रभर गाळ्यासमोर उभी राहिली आणि आम्ही तिघं रिक्षाने घरी गेलो.

निघताना मी म्हणालो, “ताई, उद्याचं निभावलं तुमच्यामुळे.”

“उद्याचं अजून निभावलं नाही,” त्या म्हणाल्या. “सरकारी साइटवर नवी नोंद यायला काही दिवस लागतात. साने तिथे नंबर टाकतील तर संपलेलाच दिसेल. सकाळी दहाला या. मी येते बरोबर.”

कशाला येत होत्या त्या? पाटीवर जे लिहिलं होतं ते त्यांनी केलं होतं, त्याचे जे काय होतात ते घेतले होते. तिथे त्यांचं काम संपत होतं. पण काही माणसांचं काम पाटीवर मावत नाही.

शुक्रवारी बाई, बजरंग आणि मी कोथरूडला पोचलो. सान्यांच्या फाटकात दहा-अकरा गाड्या, दहा-अकरा ड्रायव्हर. साने टेबलामागे. हातात मोबाईल, नाकावर चष्मा. त्यांनी बजरंगचा नंबर टाकला आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला.

“संपलाय. पुढचा.”

बजरंगने नवा कागद पुढे केला.

“कागद काय, मीही छापतो. साइटवर नाही म्हणजे नाही. पुढचा!”

मागचा ड्रायव्हर पुढे सरकला. बजरंग बाजूला झाला नाही, कागद तसाच पुढे धरून उभा राहिला. वर्षभराची त्याची धडपड, आईचा ‘कर बाबा’, सगळं त्या एका ‘पुढचा’त जाणार होतं. तेव्हा बाई म्हणाल्या, “साने, आपण शंका घेताय ते योग्यच आहे. फक्त चुकीच्या दारात विचारताय. आपण घर घेतलं तर बातमी आधी आपल्या घरी कळेल की महापालिकेत?”

“आपण कोण?”

“तीस वर्षं विमा कंपनीत होते. ज्या कंपनीने कागद दिला तिच्याच साइटवर जा. तिथे पॉलिसी नंबर टाका. माझ्या मोबाईलवर नको, आपल्याच मोबाईलवर.”

सान्यांनी ओठ मुडपत अंक टाकले. त्या एकेक अंक सांगत होत्या, ते दाबत होते. मग त्यांचा चष्मा कपाळावर गेला. “चालू आहे,” ते म्हणाले. “आजपासून. म्हणजे कालपर्यंत नव्हता?”

बाईंनी मोबाईलवरची नजर उचलली. त्यांनी बजरंगकडे पाहिलं. मला वाटलं, त्या सावरून घेतील. त्या थांबून राहिल्या.

“पाच दिवस नव्हता, साहेब,” बजरंग म्हणाला. “मी दसऱ्यापर्यंत धरून चाललो होतो. तारीख वाचली नाही. काल कळलं, तशी गाडी उभी केली.”

साने सावकाश म्हणाले, “म्हणून काल पाळी सोडलीस होय? मला वाटलं पित्राचं जेवण जड झालं.” मग ते उठून ड्रायव्हरांकडे वळले. “गेल्या दसऱ्याला गाडी घेतलेले आणखी किती महाभाग आहेत?”

आधी कुणी हलेना. मग एक हात वर झाला, दुसरा, तिसरा. चौथा म्हणाला, माझी त्याच्या आदल्या दसऱ्याची.

साने खुर्ची ओढून देत म्हणाले, “बसा मॅडम.” बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच गाड्यांकडे गेल्या, चारही पाट्यांवरचे नंबर तळहातावर लिहून आणले आणि सान्यांना मोबाईलवर टाकायला लावले. तिघांचा विमा संपलेला होता. चौथ्याचे पाच दिवस उरले होते. त्याने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाईंकडे बघून मिटलं.

“तुझं काम चालू राहील,” साने बजरंगला म्हणाले. “खरं बोललास. या तिघांनी आज गाड्या इथून हलवायच्या नाहीत. मॅडम, महिन्यातून एकदा इकडे येत जा.”

“मी कशाला? सगळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तेवढं पुरेल.” त्यांनी त्या तिघांना कंपनीचा माणूस कसा बोलवायचा ते सांगितलं, फोन नंबर लिहून दिला, पर्स खांद्याला अडकवली.

बजरंगने पुढे होऊन गाडीचं दार उघडलं. “ताई, कात्रजला सोडतो.”

“आपली दुपारची पाळी आहे ना? माणसं खोळंबतील. मला बस आहे.”

तो त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं, “हे नको हो,” म्हणाल्या आणि दोन्ही हात जोडले. मी काही बोलणार होतो. रात्रभर मनात जुळवलेलं होतं, चांगलं जुळलंही होतं. पण त्या पर्स सावरून निघाल्याच होत्या. मीही नुसते हात जोडले.

त्या फाटकातून बाहेर पडल्या. पावलं छोटी, चाल बेताची, तळहात शाईने निळा झालेला. कोपऱ्यावर थांबून त्यांनी दोन्हीकडे बघितलं, रस्ता ओलांडला आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या. फाटकात बजरंग उभा होता, मी होतो, चष्मा कपाळावर घेतलेले साने होते, आणि गाड्या न हलवता येणारे ते तिघं ड्रायव्हर. त्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो.