काकीचं गाऱ्हाणं

आमच्या परळच्या चाळीत गणपतीच्या पहिल्या दिवशी, आरतीच्या आधी, गाऱ्हाणं घालतात. चाळ बहुतेक सगळी मालवण-कणकवलीकडची. ही गावची रीत आमच्या आज्या-पणज्यांबरोबर गिरणीत कामाला आली आणि गिरण्या गेल्या तरी राहिली. एकाने देवासमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आधी ते माझे वडील घालायचे. ते गेल्यावर माझ्याकडे आलं, कारण भक्ती बेताची असली तरी आवाज मला त्यांचा मिळालाय. ते सांगायचे, "एकट्याचा गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय. चार जणांनी व्हय म्हटला, काय ता गावाचा होता."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमची लाज याच वाक्यात आहे.

लढाई झाली त्या वर्षी आमचा आवाज काय वर्णावा! आमच्याच भागातून निवडून गेलेले आणि दिल्लीत मोठे झालेले नेते, आमचे साहेब, टीव्हीवर सांगत होते, की शत्रूने सीमेवरची आपली चौकी जाळली, झोपेतल्या जवानांना जाळलं, पुरावा आमच्याकडे आहे. तो दाखवा, असं आमच्यातल्या कोणीही म्हटलं नाही. म्हणाला असता तर त्याला आम्हीच गेटावर धुतला असता. मी बँकेतला माणूस. सही जुळली नाही तर म्हाताऱ्यांना त्यांचेच पैसे देत नाही. लढाई मात्र मी सही न बघता मंजूर केली.

त्या गणपतीत मी गाऱ्हाण्यात पदरची वाक्यं घातली. आमच्या साहेबांच्या हाताला बळ दे, शत्रूचा नि:पात कर. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यावर 'व्हय म्हाराजा' असं काही उठलं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरची काकी होती. नवरा गिरणी बंद पडल्यावर खंगून गेला, तेव्हापासून ती घरून घावनं आणि वडे करून विकते. एकुलता मुलगा फौजेत. त्याची तुकडी त्याच आठवड्यात सीमेकडे निघाली होती. काकीही म्हणाली, व्हय म्हाराजा. ती मुलगा परत यावा म्हणून म्हणत होती. आम्हाला मजा येत होती.

दसऱ्याच्या आधी तो तिरंग्यात परत आला. साहेब आले, काकीचे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहिले, फोटो निघाले. नाक्यावर बॅनर लागला. त्यात साहेबांचा चेहरा परातीएवढा आणि मुलाचा वाटीएवढा. काकी रोज त्याच्याखालून बाजाराला जायची, मान वर न करता. एका मुसळधार पावसात तो फाटला, तोवर तो काढायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

मग एका निवृत्त अधिकाऱ्याने तोंड उघडलं. चौकी कोणी जाळलीच नव्हती. आतल्या शेगडीने भडका उडाला होता, आणि हे वर पहिल्याच दिवशी कळवलं होतं. साहेबांनी ते नाकारलंसुद्धा नाही. मुलाखतीत म्हणाले, "त्या वेळी देशाचं मनोबल महत्त्वाचं होतं." नरो वा कुंजरो वा! धर्मराजाने निदान आवाज तरी खाली घेतला होता. चाळीत दोन-चार दिवस जिन्यावर कुजबुज झाली. मग क्रिकेटचे सामने सुरू झाले.

पुढच्या गणपतीच्या आधी एका रविवारी सकाळी काकी आमच्या दारात आली. बायकोच्या हातात घावनांचा डबा दिला आणि मला म्हणाली, "यंदा गाऱ्हाण्यात माझा एक वाक्य घाल रे."

"कुठलं, काकी?"

"जेंनी खोटा सांगून ही लढाय लावली, तेंका उभे कर आणि जाब ईचार रे म्हाराजा." तिने ते तयार करूनच आणलं होतं. "माका कोणाचा वाटोळा नको. माका जाब होयो. माझो झील कित्या गेलो, ता तेंनी सगळ्यांसमोर सांगूचा."

मी म्हणालो, "बघतो." मुंबईत 'बघतो'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. काकीलाही कळला असणार, पण ती मान हलवून गेली.

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला, अगदी शेवटी, लोक उठायला लागल्यावर. अध्यक्ष माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "अरे, काकीचं दुःख ते आपलंच आहे रे. पण बाप्पासमोर पॉलिटिक्स नको. आणि पुनर्विकासाची फाईल साहेबांच्या टेबलावर पडलीय, विसरलास? त्यांनी मनात आणलं तर दिवाळीत नारळ फुटेल. आरतीला येतायत ते. तू काय त्यांच्या तोंडावर बोलणार आहेस?"

मागच्या वेळी बाप्पासमोर काय भजन चाललं होतं, असं विचारायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण माझी मुलगी कॉलेजात जाते आणि रोज सकाळी बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला संडासच्या रांगेत उभी राहते. नव्या घरात संडास आत असणार. मी मूग गिळून गप्प बसलो. बाकीचेही बसले. प्रत्येकाच्या घरात एक बादली आहे.

पहिल्या दिवशी साहेब वेळेवर आले. रेशमी सदरा, कपाळाला टिळा, मूर्तीच्या अगदी पुढ्यात. मी गाऱ्हाणं घातलं. मुलांना विद्या दे, व्हय म्हाराजा. आजाऱ्यांना बरं कर, व्हय म्हाराजा. काकीच्या वाक्याची जागा आली आणि मी तिच्याकडे न बघता पुढे सरकलो. कोणाचं काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घे, असं म्हणून संपवलं.

तेव्हा बायकांच्या बाजूने काकीचा आवाज आला. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं. "जेंनी खोटा सांगून ही लढाय लावली, तेंका उभे कर आणि जाब ईचार रे म्हाराजा."

आणि ती थांबली. आमच्या 'व्हय'साठी थांबली.

आम्ही गिरणगावातली माणसं. आमच्या बापांच्या घोषणा ऐकून मालक लोक ऑफिसच्या खिडक्या लावून घ्यायचे. दहीहंडीला आमची पोरं बोंबलतात ते भोईवाड्यापर्यंत ऐकू जातं. त्या मंडपात तेव्हा फक्त माइकची घरघर होती. कोणी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतं, कोणी मूर्तीच्या मुकुटाकडे. साहेब हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. ते गाऱ्हाणं जणू भलत्याच कोणाबद्दल होतं.

काकीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज थोडा फुटला. ती पुरुषांच्या रांगेकडे बघत होती. तिथे तिच्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचलेले होते, आणि त्याच खांद्यांवरून त्याला नेलेलेही होते.

माइक माझ्या हातात होता. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. मी आरती सुरू केली.

सगळ्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या धरल्या. झांजा इतक्या जोरात वाजल्या, की कान बधिर झाले. साहेबांनी डोळे उघडले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय आवाज आहे हो तुमचा!" मी हसलो. त्या हसण्याची मला झांजांपेक्षाही जास्त लाज वाटते. घरी आलो तर बायकोने पान वाढलं आणि आत निघून गेली.

नारळ अजून फुटलेला नाही. फाईल कुठे आहे ते बाप्पाला ठाऊक. मी मात्र काकी दिसली की जिना बदलतो. खोटं साहेब बोलले होते, हे खरंच. पण खोटं बोलून ते आमच्या मंडपात ताठ उभे राहू शकले, ते आमच्या जिवावर. त्यांना जाब विचारायची वेळ आली तेव्हा मी झांजा वाजवल्या.

आता पुन्हा गणपती तोंडावर आलेत. परवा सकाळी मी मनाचा हिय्या करून तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकी तव्यावर घावन घालत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि म्हणालो, "काकी, व्हय म्हाराजा."

तिने लगेच वर बघितलं नाही. घावन सुटेपर्यंत थांबली, ते उलथलं, मग म्हणाली, "एकट्याचा देवाक पोचणा नाय. तुझो बापूसच सांगी."

तिने गॅस बारीक केला.

"खाली मंडपात म्हण. तो येतलो तेव्हा, माइकवर. म्हणशीत?"

घावन तिने ताटलीत काढून माझ्या पुढे धरलं. वाफ येत होती. मी ताटली घेतली. 'बघतो' असं मी म्हणालो नाही, आणि 'व्हय' असंही म्हणालो नाही.