नोंदणी नसलेल्या आक्का

सुरतेतल्या लिंबायतमधल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टर आले नि गेले, मशिनं आली नि बंद पडली, पण पेशंटच्या रक्तातली साखर खऱ्या अर्थानं घाबरली ती एकाच बाईला, आमच्या डाएटवाल्या आक्कांना. मी त्याच दवाखान्याच्या कचेरीत कारकून. वर मला स्वतःला मधुमेह. म्हणजे मी आक्कांचा सहकारीही होतो आणि कायमचा आरोपीही. आक्का मूळच्या अमळनेरकडच्या. यजमान इथल्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला लागले, त्यांच्यामागून त्या सुरतेत आल्या आणि दवाखान्यात स्वयंपाकीण म्हणून चिकटल्या. तेव्हाचे मोठे डॉक्टर एकदा तेच तेच पथ्य सांगून वैतागले आणि एका पेशंटला म्हणाले, "काय खायचं ते त्या आक्कांना विचारा." झालं! स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टेबल आलं, खुर्ची आली आणि दारावर पेंटरनं 'डायटिशन' असं रंगवलं. एक अक्षर पळालं होतं, पण आक्कांचं म्हणणं, काम होतंय ना, मग पाटीकडे कोण बघतंय. गुजराती पेशंट त्यांना 'डायटवाळां बेन' म्हणायचे, खान्देशातले नुसतं आक्का, आणि दोघांच्याही आवाजात सारखीच धास्ती असायची.

त्यांची पहिली खोड म्हणजे वाटी. बमरोलीच्या एका लूम मेकॅनिकची साखर काही केल्या उतरेना. रोज एकच वाटी भात खातो, असं तो शपथेवर सांगायचा. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आक्कांनी मात्र चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला, "पन वाटी कोन्ही?" दुसऱ्या दिवशी त्यानं घरची वाटी आणली. लग्नाच्या आहेरात आलेली ती वस्तू आमच्या घरी असती तर आम्ही तिच्यात कणीक मळली असती. त्या दिवसापासून आक्कांनी नियमच केला, पेशंटनं पहिल्या भेटीला घरची वाटी घेऊन यायचं. आता आमचा वॉचमन पडला कडक. दवाखान्याच्या आवारातून भांडं बाहेर जायचं तर गेट पास पाहिजे, हा त्याचा हेका. शेवटी 'स्टीलची वाटी, नग एक' असे पास फाडत बसणं हे माझ्या नोकरीतलं मुख्य काम होऊन बसलं. मी तक्रार केली तर आक्का म्हणाल्या, तुमची वाटी अजून मी बघितली नाही भाऊ, उद्या घेऊन या.

दुसरी खोड झडतीची. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या आक्का वासावर ओळखायच्या. खमण, लोचो, पापडी, काही सुटायचं नाही. ऑपरेशन होऊन पडलेल्या एका कापडव्यापारी शेठजींना पथ्याचं जेवण म्हणजे अन्याय वाटायचा. त्यांच्या मुलानं एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात फाफडा घालून आणला. चपटा पदार्थ, चपटं पाकीट, डोकं चांगलं चालवलं होतं पोरानं. आक्कांनी पाकीट हातात घेतलं, आतून एक फाफडा काढला, खिडकीच्या उजेडात धरून निरखून पाहिला आणि शेठजींना म्हणाल्या, "रिपोर्ट सारो नथी." त्या खराब रिपोर्टवर शेठजी स्वतःच इतके हसले की टाके दुखायला लागले. पाकीट अर्थात जप्त झालं.

आणि ही नजर दवाखान्यापुरती असती तर आम्ही निभावून नेलं असतं. लिंबायतमध्ये खान्देशी लग्न म्हटलं की निम्मी पंगत आक्कांच्या पेशंटची, आणि आक्का प्रत्येक लग्नाला. माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मी खांबाआड उभा राहून जिलबी हातात घेतली. पहिलाच घास तोंडाशी नेला. तीन रांगा पलीकडून खणखणीत आवाज आला, "भाऊ, तीन महिन्यांची साखर किती आली हो तुमची?" नवे व्याही, विहीणबाई, भटजी, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ती जिलबी शेजारच्या एका अनोळखी गृहस्थाच्या ताटात ठेवली. तो गृहस्थ पण आक्कांचाच पेशंट निघाला आणि मग त्याची चौकशी सुरू झाली.

असं सगळं छान चाललेलं असताना ट्रस्टच्या कार्यालयातून पत्र आलं. पत्रं आधी माझ्या टेबलावर येतात, हे माझं दुर्दैव. पत्रात लिहिलं होतं की आता कायदा झालेला आहे. डायटिशियन म्हणवून घ्यायचं तर मान्य पदवी पाहिजे, दवाखान्यात ठरलेले तास शिकाऊ म्हणून काम केलेलं पाहिजे आणि सरकारी नोंदणीत नाव पाहिजे. ज्यांची नोंदणी नाही त्यांना त्या खोलीत बसवू नये, पाटी तर लगेच उतरवावी. मी ते पत्र आठ दिवस पेपरवेटखाली ठेवलं. नवव्या दिवशी आक्काच म्हणाल्या, पेपरवेटखाली काय लपवलंय, बर्फी आहे का? मग दाखवावंच लागलं.

मला वाटलं होतं रडतील, चिडतील. त्या फॉर्म भरू या म्हणाल्या. मी संगणकावर बसलो, त्या शेजारी. शैक्षणिक पात्रता? "आठवी. पण गणितात पहिली आले होते, तेही लिहा." विद्यापीठ? "झेडपीची शाळा." कोणाच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण घेतलं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पेशंटच्या." तो फॉर्म दुसऱ्या पानाच्या पुढे काही जाईना. मी चडफडत संगणक बंद केला.

त्यातून तेव्हा आमच्याकडे एक मुलगी शिकाऊ म्हणून येत होती. बमरोलीच्याच लूम कामगाराची लेक, आहारशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नोंदणीसाठी तिचे तास भरायचे होते. त्यावर सही करायला दुसऱ्या दवाखान्यातल्या नोंदणी झालेल्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. पण कुठला पेशंट खोटं बोलतो, कुणाच्या घरी सून पथ्याचं वेगळं करून देत नाही, कुणाला रात्रपाळी असल्यानं चार वेळचं जेवण जमतच नाही, हे त्या मुलीनं आक्कांच्या मागे मागे फिरूनच शिकून घेतलं. तिची नोंदणी झाली की खोली तिला द्यायची आणि आक्कांनी पुन्हा स्वयंपाकघरात जायचं, असा ट्रस्टचा बेत होता.

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात कधी बोनससाठी भांडलो नाही तो मी ट्रस्टींच्या नावे तीन पानी अर्ज लिहिला. त्यात 'अन्याय' हा शब्द पाच वेळा आणि 'माउली' दोन वेळा घातला. पेशंटच्या सह्या घेतल्या, नर्सबाईंच्या घेतल्या, त्या शेठजींनी तर गुजरातीत दोन ओळी वर लिहून दिल्या. आक्कांना खास मान म्हणून खोलीत बसू द्यावं, कायद्याचं काय ते आम्ही बघू, असा एकूण सूर. राहिली होती ती आक्कांची एक सही. अर्ज घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, तिन्ही पानं सावकाश वाचली आणि माझ्याच हातात परत दिली.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी एक पेशंट होता, किडनीचा. त्याला काही जेवण जाईना, तेव्हा आक्कांनी त्याला रोज दोन वेळा नारळपाणी सांगितलं. नारळपाणी सगळ्यांना चांगलं, त्यालाही चांगलंच असणार. पाचव्या दिवशी तो अत्यवस्थ झाला आणि त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. नशिबानं वाचला. महिनाभरानं पेढे घेऊन आला आणि आक्कांच्या पाया पडला, तुमच्या नारळपाण्यानं जीव धरून ठेवला म्हणून. आक्कांनाही तसंच वाटलं. मग कितीतरी वर्षांनी, अगदी आता आता, ही शिकाऊ मुलगी एका पेशंटचा तक्ता करताना सहज म्हणाली, आक्का, किडनी बिघडलेल्याला नारळपाणी नको हं, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं, हृदय बंद पडू शकतं. ती बोलून गेली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

"ती वळली भाऊ, पण मी तिथंच उभी राहिले," आक्का म्हणाल्या. माझ्याशी एरवी कचेरीतलं मराठी बोलणाऱ्या आक्का मग एकदम घरच्या बोलीवर आल्या. "तो वाचना, पन मन्हामुये नही." मग पुन्हा नेहमीच्या मराठीत म्हणाल्या, "माझ्यामुळे नाही वाचला तो. त्यानं पाय धरले आणि मी धरू दिले. असे अजून किती असतील? जे परत आलेच नाहीत, त्यांचं मला कोण सांगणार? हा कायदा तेव्हाच यायला पाहिजे होता."

मी काहीतरी बोललो. चुका सगळ्यांच्याच होतात, तुम्ही किती जणांना वाचवलंत, असलंच काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि निवडायच्या ज्वारीचं सूप पुढे ओढलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यापुढे तो अर्ज घेऊन उभं राहायची लाजही वाटली. अर्ज मी कपाटात सारला.

पुढं त्या मुलीची नोंदणी झाली. दारावर नवी पाटी लागली, नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, आणि या वेळी एकही अक्षर पळालेलं नाही. मुलगी खरंच हुशार आहे. माझा तक्ता तिनं इतका नीट करून दिला की दोष काढायला जागा नाही. मुदपाकखान्यात आक्का तिच्या तक्त्याप्रमाणे ताटं लावतात, ग्रॅमचा काटा घेऊन, एक कण इकडे नाही की तिकडे नाही. ती त्यांच्याशी फार आदरानं वागते, अधूनमधून मुद्दाम विचारतेही, आक्का, तुम्हाला काय वाटतं? आक्का म्हणतात, तुम्ही लिहिलंय तेच बरोबर आहे मॅडम. कालपर्यंत जिला त्या 'पोरी' म्हणायच्या तिला आता मॅडम म्हणतात, आणि ती बिचारी दर वेळी ओशाळते.

परवा दुपारी मी मुद्दामच मुदपाकखान्यात जाऊन बसलो. आक्कांनी चहा दिला, बिनसाखरेचा, तक्त्यात आहे तसा. मी उठलो, फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर एक चमचा घातला. त्या बघत होत्या. दुसरा घातला. मग तिसरा, भरून, आणि चमचा कपावर आपटत खळाखळा ढवळलं, आता तरी ओरडा म्हणून. आक्कांचा हात उचलला गेला, माझ्या कपाच्या दिशेनं आलाही, आणि मध्येच वळून ओट्यावरचं फडकं घेऊन ओटा पुसायला लागला.

"मॅडम साडेचारपर्यंत असतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्यांना विचारून घ्या."

मी बरं म्हटलं, आणि तो चहा सगळाच्या सगळा प्यायलो. मला अडवायला कुणी आलं नाही.