कुंकू लागलेला गुण्या

नवीन विकत आणलेल्या हत्यारावर बाबांचा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर सुतारकाम केलं, पण दुकानातून आणलेली पटाशी त्यांनी त्याच दिवशी लाकडाला लावली असं मी एकदाही पाहिलं नाही. आधी ती उन्हात धरून न्याहाळायची, मुठीला फट आहे का बघायचं, मग दगडावर घासत बसायचं. रंध्याचा तळ तर कधी सपाट नसायचाच. आरशाच्या जुन्या काचेवर पॉलिशपेपर पसरून ते तो घासत राहायचे. "कारखान्यातून नुसतं लोखंड येते," म्हणायचे. "त्याचं हत्यार घरी होते." आई वैतागायची, की नवीकोरी वस्तू आणून कोणी दुरुस्त करत बसतं का. आमच्याकडे बसत.

हे सगळं झाल्यावरच हत्यार दसऱ्याच्या पाटावर जायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. खोट राहिलेल्या हत्याराला बाबा कुंकू लावू देत नसत. त्यामुळे आमच्या घरात हत्यारावरचं कुंकवाचं बोट म्हणजे तपासणी झाल्याची खूण होती. ते लागल्यावर पुन्हा शंका घ्यायची नाही.

आई गेली, आणि पुढच्याच हिवाळ्यात बाबांना लकव्याचा झटका आला. उजवा हात लटकला. जरीपटक्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते पलंगावर पडून छताकडे बघत असायचे आणि मी बाजूला मशीनवर ब्लाउज शिवत असायचे. एक दिवस त्यांनी जुन्या सोबत्यांना बोलावून आपली सगळी हत्यारं वाटून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. त्या वर्षी दसऱ्याला पाट रिकामा होता. मी त्यावर माझी कात्री ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

हळूहळू हात थोडा वळायला लागला. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, यांना आवडीचं काम द्या. बाबांना काय आवडतं हे मला वेगळं सांगायला नको होतं. अंघोळीला बसायला मी प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं आणि त्याच्यावर त्यांचा भारी राग. "मी सुतार माणूस, अन् या डब्ब्यावर बसून राहिलो," म्हणायचे. म्हटलं, मग करा लाकडाचं. संध्याकाळी ते भिंतीवर बोटानं मापं घेताना दिसले.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गांधीबागेकडे गेले. अस्तराचं कापड घ्यायचंच होतं, तिथूनच पुढे एका हार्डवेअरच्या दुकानातून रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या आणला. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, जाड मुठीत बसवलेली पोलादी पट्टी. बाबांनी पिशवी पलंगावर रिकामी केली आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली. पटाशीची मूठ हलत होती. रंध्याचा तळ मधे खोलगट. करवतीचे अर्धे दात एकाच बाजूला झुकलेले. माल बनवणाऱ्यांना ते नाही नाही ते बोलले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी चहात दोनदा साखर घातली. डाव्या हातानं दाबून, उजवा नुसता टेकवून, ते अंधार पडेपर्यंत एकेक खोट काढत बसले. गुण्याची पाळी यायच्या आधी थकून झोपले.

सकाळी मी पाट मांडला आणि सगळ्यांना कुंकू लावलं, गुण्यालाही. तो तपासायचा राहिला हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या. आणि एकदा कुंकू लागल्यावर ध्यानात यायचं कारणच उरलं नाही.

मग स्टूल सुरू झालं. गुण्या लावून रेघ, रेघेवर करवत. पाय जोडले, जमिनीवर ठेवलं, तर डुगडुगलं. खोलून पुन्हा कापलं. पुन्हा तेच. दिवाळी होऊन गेली, स्टूल बुटकं होत गेलं आणि बाबा गप्प होत गेले. एका दुपारी त्यांनी करवत खाली ठेवली.

"हात गेला वं माय माझा. गुण्या लावून कापतो, तरी तिरपंच येते."

"होईल बाबा हळूहळू."

"काय होईल? आता राहू दे."

ते पलंगावर जाऊन पडले. तोंड भिंतीकडे. मला ती भिंत ओळखीची होती. पुन्हा तेच महिने सुरू होणार असं वाटलं.

हत्यारं उचलताना गुण्या हातात आला, आणि लहानपणी पाहिलेलं आठवलं. बाबा नवीन गुण्या फळीच्या कडेला टेकवून रेघ ओढत, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढत. रेघेवर रेघ बसली तर गुण्या खरा. मी कटिंगच्या फळीवर तसं केलं. दोन्ही रेघा खालून एकत्र निघाल्या आणि वर जाऊन चांगल्या फाकल्या. मी बाबांना उठवून दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा ओढून पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"असं होय. म्हणजे यानंच घात केला."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदारानं गुण्या हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"ताई, याले तर कुंकू लागलं. पूजा झालेला माल आम्ही वापस नाही घेत."

"वाकडा आहे तो."

"वाकडा असो का सरळ. आता तुमच्या घरचा झाला."

भांडायला मी कमी नाही, पण मला खरा गुण्या हवा होता. मी दुसरे गुण्ये मागितले आणि काउंटरवरच एका पुठ्ठ्यावर एकेक उलटून पालटून पाहिला. "पोरासाठी पोरगी पाहून राहिल्या का?" तो म्हणाला. म्हणू दे. रेघेवर रेघ बसली तोच मी आणला.

बाबांनीही तो तपासला. खरा होता. त्यांनी नवे पाय कापायला घेतले, शीळ घालत. मी मशीन बंद ठेवून बसले होते. स्टूल जोडलं, जमिनीवर ठेवलं. डुगडुगलं.

त्यांनी पायांना गुण्या लावला, काढला, पुन्हा लावला. मग तो बाजूला ठेवून उजव्या हाताकडे बघत राहिले. मागच्यासारखं बोलले असते तर मी काहीतरी समजूत घातली असती. मीच जाऊन तो खरा गुण्या आणला होता, निवडून निवडून, आणि आता मला तो डोळ्यांसमोर नको झाला.

नंतर किती तरी दिवस हत्यारं तशीच पडून होती. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तो पहिला गुण्या फेकला का?"

"नाही."

"तोच दे मले."

मी उठले. आणून दिला.

आता ते रोज थोडं काम करतात. स्टूल झालं आहे. डुगडुगतं, म्हणून एका पायाखाली मी रबराचा तुकडा ठेवते. त्याच्यावर बसून अंघोळ करताना बाबा आतून ओरडतात, "गुण्याच तिरपा आहे वं. लोकायले फसवून राहिले हे कंपनीवाले." मी मशीन थांबवून म्हणते, हो बाबा. त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

या दसऱ्याला त्यांनी तोच तिरपा गुण्या पाटावर मांडला आणि मी त्याला कुंकू लावलं. खरा गुण्या कपाटात माझ्या साड्यांखाली आहे. त्यांनी तो मागितला नाही, आणि त्याला कुंकू लावायला माझाही हात धजला नाही.