दसऱ्याची जाळी

वकिलांनी बजावलं आहे, लिहायचं तर लिहा, पण नाव कोणाचंही नको. म्हणून इथं नावं नाहीत. राग मात्र सगळाच्या सगळा आहे. त्याच्यावर दावा लावता येत नाही.

अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी मशीनचा सुपरवायझर होतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचे मोठे पट्टे फिरत असतात. कोणाचा हात आत ओढला जाऊ नये म्हणून त्यांच्यावर लोखंडी जाळी बसवायची असते. पण जाळीत रुई अडकते, ती काढायला मशीन थांबवावं लागतं, आणि हंगामात थांबलेलं मशीन मालकाला बघवत नसे. त्यामुळे आमच्या जाळ्या वर्षभर गोदामात भिंतीला टेकून पडलेल्या. निघायच्या त्या दसऱ्याला. रंग मारून, बोल्ट कसून बसवायच्या. मग हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ आणि मालकाचा सहकुटुंब फोटो. दुसऱ्या दिवशी जाळ्या परत गोदामात. बोल्ट मीच सोडायचो. कोणाला खटकायचं नाही. सणाला देवाचा साज काढावा आणि सण झाला की पेटीत ठेवावा, तसंच ते.

एका हंगामात हिवरखेडची एक बाई पट्ट्याखालची रुई झाडत होती. पदर ओढला गेला, पदराबरोबर हात. कोपरापासून गेला. सरकारी तपासणीचे साहेब येण्याआधी मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि जाळ्या बसवून घ्यायला लावल्या. साहेबांपुढे मी जबाब दिला, सही केली: जाळी होती, बाईनंच काढली. जिचा हात गेला तिच्यावरच मी आळ घेतला.

आमचा फिटर वलगावचा. मला काका म्हणायचा. त्यानं तपासणीच्या कार्यालयात रीतसर तक्रार केली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिथला जबाब कसा तयार होतो, हे त्यानं माझ्याकडे बघूनच ओळखलं होतं. त्यानं फेसबुकवर मालकाचं नाव घालून लिहिलं, की या जिनिंगमध्ये मशीनवर जाळी कधी बसलीच नाही, आणि बाईचा हात मालकानं खाल्ला.

दसरा तो विसरला. मीही विसरलो असतो. दसऱ्याची जाळी आमच्यापैकी कोणी जाळीत धरतच नव्हतं.

मालकानं धरली. बदनामीचा फौजदारी खटला भरला आणि पुरावा म्हणून वर्षावर्षांचे दसऱ्याचे फोटो लावले. प्रत्येक फोटोत जाळी, जाळीवर हार, आणि बाजूला टोपी घालून मी.

फिटरच्या पोस्टखाली जिनिंगमधल्या कितीतरी जणांनी अंगठे दिले होते, 'बरोबर आहे भाऊ' म्हणून लिहिलं होतं. नोटीस आल्याचं कळलं आणि संध्याकाळपर्यंत सगळे अंगठे गायब. "मी तं नुसतं पाहून राहिलो होतो," एकजण मला म्हणाला. हरामखोर! आणि मी? मी तर अंगठाही दिला नव्हता.

या खटल्यात हात कोणाचा गेला याला महत्त्व नव्हतं. मालकाची अब्रू गेली की नाही, एवढाच प्रश्न. लिहिलेलं खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी होतं, हेही आरोपीनंच सिद्ध करायचं. नाही झालं तर तुरुंग. मालकाचा वकील पुढची तारीख मागायचा, फिटर मात्र प्रत्येक तारखेला हजर. आसपासच्या एकाही जिनिंगनं त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

मी निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे आलो. एक दिवस फिटर दारात. बसला नाही.

"काका, जाळी कोन काढे?"

"मी."

"मंग हे कोर्टात कोन सांगन? दसऱ्याचा नारळ?"

"त्या जबाबावर माही सही हाय ना बाबा. मलेच आत टाकतीन."

"टाकू द्या. मीई तिथंच असन, काका म्हनायले कोनीतरी लागनच मले."

सूनबाई चहा घेऊन आली तोवर तो गेला होता.

अकोल्याच्या कोर्टात मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो. जाळी दसऱ्याला बसायची, दुसऱ्या दिवशी निघायची. काढणारा मी, काढायला लावणारा मालक. मालकाच्या वकिलानं माझा जुना जबाब नाकासमोर धरला.

"सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा. आणि साहेब, दसरा सोडून दुसऱ्या एखाद्या दिवसाचा फोटो लावा ना. दिवाळीचा लावा. पोळ्याचा लावा."

तो कागद चाळत राहिला. तसा फोटो असता तर त्यानं आधीच लावला असता.

फिटर सुटला. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाला, "लय लवकर आठोलं काका." आता जिनिंगचं काम त्याला कोणी देत नाही, वलगावला मोटारपंप दुरुस्त करतो. जुना जबाब फिरवला म्हणून मला मालकाची नोटीस आली आहे. येऊ दे. तपासणीच्या फाइलमध्ये मात्र जाळी अजून बाईनंच काढलेली आहे. ते दुरुस्त करा म्हणून मी अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, प्रकरण बंद झालं.

यंदाच्या दसऱ्याला जिनिंगच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर फोटो आला. नवा रंग, झेंडूचे हार, मालक सहकुटुंब, बाजूला टोपी घातलेला नवा सुपरवायझर. खाली सगळ्यांचे अंगठे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, 'आजचा फोटो टाका.'

मला ग्रुपमधून काढलं.