गमत नाही

“‘सांगून राहिली’? कुठे राहिली? भाड्याने, की पागडीने?”

नारायण पेठेतल्या समुपदेशन केंद्रातला माझा दुसरा आठवडा. सोमवारची बैठक. टेबलाभोवती आम्ही सहा जण. मी एका मुलीची नोंद वाचत होते आणि तोंडून निसटलं, “ती रडून रडून सांगून राहिली होती.” वरिष्ठ मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हे विचारलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या, अगदी प्रेमाने. त्यांचा अपमान नेहमी प्रेमळ असायचा.

“थेरपिस्टचा आवाज तटस्थ हवा,” त्या म्हणाल्या. “त्यात तुमचं गाव ऐकू येता कामा नये.”

त्यांचं गाव मात्र ऐकू येत होतं. ते दोन गल्ल्या पलीकडे होतं, म्हणून त्याचं नाव तटस्थ.

निघताना त्यांनी माझं आडनाव पुन्हा विचारून घेतलं. “यवतमाळकडच्या ना? तरी बऱ्याच शुद्ध बोलता हो.”

तो ‘तरी’ मी बिबवेवाडीच्या खोलीवर घेऊन आले. त्याचा अर्थ मला कळत होता. त्या ‘तरी’त यवतमाळ थोडंच होतं, आडनाव जास्त होतं. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी आरशासमोर बसून वाक्यं घोटली. वर्षभरात ‘काहून’ गेलं, ‘मले’ गेलं, ‘राहिली’ गेलं. कोणी गाव विचारलं तर मी म्हणायचे, “पुण्याचीच.”

हल्ली मनाच्या आरोग्यावर सगळेच बोलतात. मोबाइल उघडला की कोणीतरी सांगत असतं, मनात ठेवू नका, बोललं की हलकं वाटतं. आमच्या भिंतीवरही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बोला. मोकळे व्हा. कोणत्या भाषेत, ते लिहिलेलं नव्हतं.

मग एक आजी आल्या. आयटीतल्या मुलाने वडील गेल्यावर त्यांना गावाकडून पुण्यात आणलं होतं. कात्रजला, नवव्या मजल्यावर. आजी जेवत नव्हत्या, खिडकीपाशी बसून असायच्या. सत्र मॅडमचं होतं. मी शेजारी नोंद घेत होते.

आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमी कोन्या गावच्या जी?”

“पुण्याचीच.”

त्या मग मॅडमकडे वळल्या.

“मले गमत नाही.”

“गंमत नाही?” मॅडम हसल्या. “अहो आजी, या वयात कसली गंमत हवीय तुम्हाला?”

“गंमत नाही वं बाई. गमत.”

आणि त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मला तो शब्द माहीत होता. आईच्या पोटात असल्यापासून माहीत होता. गमणं म्हणजे करमणं, पण तेवढंच नाही. माणूस गेलं, जागा बदलली, आणि जीव कुठेच टेकत नाही, तेव्हा आमच्याकडे म्हणतात, गमत नाही. त्या एका शब्दात आजींनी सगळं सांगून टाकलं होतं. मी फक्त मॅडमना म्हणायचं होतं, “मॅडम, याचा अर्थ वेगळा आहे.”

म्हटलं असतं तर मला तो शब्द कुठून माहीत, हे सांगावं लागलं असतं.

मी हसले. मॅडमबरोबर हसले. मॅडमनी सांगितलं तेच लिहिलं: मनोरंजनाची गरज. हास्यक्लब व भजनी मंडळ सुचवले. खाली माझी सही.

आजी परत आल्या नाहीत.

त्याच महिन्यात आईचा फोन आला. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गावी एकटीच असायची.

“गमत नाही वं माय.”

मी पाठ केलेल्या आवाजात म्हणाले, “आई, नेमकं काय वाटतंय ते ओळख. रिकामं वाटतं, की भीती वाटते? भावनेला नाव दे.”

ती म्हणाली, “नाव तं सांगितलं ना तुले.”

मला ऐकू आलं होतं. तरी मी तिला दीर्घ श्वासाचा व्यायाम सांगितला.

त्यानंतर ती प्रत्येक फोनवर एवढंच म्हणायची, “बरी हावो मी.” सात महिने. एका सकाळी शेजारणीचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. हृदय, डॉक्टर म्हणाले. डॉक्टरचं खरं असेल. मी तिच्या मरणाचं कारण शोधत नाही. ती सात महिने माझ्याशी परक्यासारखी बोलली, त्याचं कारण मला माहीत आहे. तेच मला झोपू देत नाही.

गावी आईचा जलदानविधी आटोपून मी पंधरा दिवसांनी कामावर आले. केंद्राला शोकावर छोटा व्हिडिओ करायचा होता. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच बोला, अनुभव ताजा आहे. लिहून दिलेला कागद होता. दुःखाच्या पाच पायऱ्या, शेवटची स्वीकार. मी वाचायला लागले. “जवळचं माणूस गेल्यावर आपल्याला गमत नाही...”

कागदावर ‘करमत’ होतं.

“थांबवा हो!” मॅडम म्हणाल्या. “पंधरा दिवस गावी काय गेलात, परत बोलून राहिलात का?”

कॅमेऱ्यामागची दोघं हसली. या वेळी मी हसले नाही.

“हो मॅडम. बोलून राहिले. माझ्या आईला गमत नव्हतं. तुमच्या कागदावर ते नाही.”

“अहो, लोकांना कळायला नको का?”

“त्या आजींचं तुम्हाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.”

कागद टेबलावर ठेवून मी बाहेर आले. आजींची फाइल काढली, तिच्यावरच्या नंबरवर मुलाला फोन केला. तो सभ्यपणे बोलला. “आई गावी परत गेली, मॅडम. आता कुठेच दाखवायला नको म्हणते. म्हणते, तिथल्या बायांना माझं समजत नाही.”

समजत नाही. एवढी सूट त्यांनी मला दिली होती.

मी जुन्या नोंदीवर रेघ मारली. खाली लिहिलं: ‘रुग्ण म्हणाली, गमत नाही. मला अर्थ समजला होता. मी सांगितला नाही.’ तारीख घातली, सही केली. आडनाव पूर्ण लिहिलं.

मॅडमनी फाइल पाहिली. “नोंदीत असलं चालत नाही. हे बदला.”

“कारवाई करा, मॅडम. पण ते पान तसंच राहील.”

त्या दिवशी त्यांनी मला काढलं नाही. उद्या काढतीलही. केंद्रातल्या माझ्या खोलीतला ‘बोला, मोकळे व्हा’चा तक्ता मी उतरवून ठेवला आहे. समोर बसलेल्या माणसाला मी आधी माझ्या गावाचं नाव सांगते. मग विचारते, “काय होऊन राहिलं?”

आईला हे विचारलं नाही. ते आता भरून येणार नाही, आणि ते भरून आलं असं मी स्वतःला कधी सांगणारही नाही.