बकासुराचं डोकं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाचा गणपती आरासीसाठी ओळखला जायचा. मी तेरा वर्षांची असताना त्या वर्षी बकासुरवधाचा देखावा ठरला. गाड्यावर बसून भीम निवांत जेवतोय आणि मागून राक्षस येतोय, असा. भीम कुंभाराने वेळेत करून दिला. पण राक्षसाचं डोकं करणारा कारागीर तापाने आजारी पडून मोहोळला आपल्या गावी निघून गेला. गणपतीला अठरा दिवस उरले होते. उत्सवाचं सगळं पाहणारे वकीलकाका आमच्या ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "मास्तर, यंदा राक्षसाविना भीम बसवावा लागणार."

मी दारातूनच म्हणाले, "मी करते."

वकीलकाका हसले. वडील हसले नाहीत. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि माझा हात त्यांना ठाऊक होता. "करू द्या," एवढंच ते बोलले.

मला भीती अशी वाटलीच नाही. कागदाचा लगदा मी लहानपणापासून कालवत आले होते. सुपं-टोपल्या लिंपायला आई रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात वाटलेल्या मेथ्या घालायची. तोच लगदा एका मोठ्या डेऱ्यावर थापला तर डोकं का होणार नाही? मी डेरा पालथा घातला आणि दोन दिवसांत नाक, कपाळ, गाल उभे केले. मग घाई केली. लवकर वाळावं म्हणून डेरा गच्चीवर उन्हात ठेवला. दुपारी जाऊन बघते तर कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी चीर, आणि लगदा डेऱ्याला असा चिकटलेला की खरवडून काढावा लागला.

आई म्हणाली, "टोपली कधी उन्हात वाळवलीय का मी? सावलीत ठेवते. आणि आधी राख चोळायचीस ना डेऱ्याला."

दुसऱ्यांदा राख चोळली, थर पातळ दिले, एक वाळल्यावर दुसरा. मधल्या दिवसांत बाकीचं सामान जमवलं. मंगळवारी बाजारात माढ्याकडची एक धनगरीण घोंगड्या घेऊन बसायची. तिच्याकडे लोकर मागितली.

"कशाला पायजे गं पोरी?"

"राक्षसाचे केस करायचेत."

"मंग काळ्या मेंढीची घे की. पांढऱ्या केसांचा राक्षस म्हातारा वाटंल. त्येला कोन भिनार?" तिने ओंजळभर काळी, न पिंजलेली लोकर माझ्या ओच्यात टाकली. ती इतकी राठ आणि वासट होती की आईने मला ती घरात आणू दिली नाही.

दात ज्वारीच्या वाळल्या धाटांतल्या पांढऱ्या गाभ्याचे केले, तिरके कापून. डोळ्यांना नारळाच्या करवंट्या चुन्याने रंगवल्या, मधे फुटक्या काळ्या बांगड्यांचे तुकडे गोल बसवले. तोंड मोठं वासलेलं, जीभ लाल चिंधीची. सगळं लावून झालं आणि धाकट्या बहिणीला बोलावलं. ती टाळ्या वाजवून हसायला लागली. "बेडूक! बेडूक!"

मला राग आला, पण तिचं खरं होतं.

आमच्या शेजारी मागावर साड्या विणणारं तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांच्यातल्या अक्का कांडी भरता भरता हे सगळं बघत होत्या. उठून आल्या, डोक्यासमोर उभ्या राहिल्या. "तू ह्येला वरडायला लावलीस," त्या म्हणाल्या. "वरडणाऱ्याला कोन भितं? आमचा मालक रोज वरडतो. भ्या वाटतं ते गप बसून बघणाऱ्याचं."

मी त्याच संध्याकाळी करवंट्या उपटून काढल्या. डोळ्यांच्या जागी खोल खळगे केले, आतून काजळ फासलं आणि खळग्याच्या तळाशी अभ्रकाचा एकेक तुकडा चिकटवला. जीभ काढून टाकली. तोंड मिटवलं; ओठांतून फक्त खालचे दोन सुळे वर आलेले ठेवले. भुवयांना अक्कांनी दिलेला काळ्या सुताचा गुंता लावला. मग बहिणीला पुन्हा हाक मारली. ती उंबऱ्यावर थांबली, आत आली नाही. "त्याला तिकडं तोंड करून ठेव," ती हळूच म्हणाली. त्या क्षणी मला कळलं की झालं.

देखाव्यात भीमाच्या खांद्यामागे डोकं बसवलं, खाली बांबूच्या सांगाड्यावर काळं घोंगडं. गॅसबत्ती बाजूने लावायची, समोरून नाही, हे मी सांगितलं आणि पोरांनी मुकाट्याने ऐकलं. पहिल्या संध्याकाळी लोक भीमाला बघून हसायचे, मग मान वर व्हायची आणि अभ्रक चमकायचं. बायका पदर तोंडाला लावत. एका धिप्पाड पैलवानाने दोन पावलं मागे घेतली नि मग इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलं होतं.

लोक विचारत, कुणी केलं? वकीलकाका सांगत, "मास्तरांनी." दोनदा ऐकून वडील गर्दीतून पुढे झाले. "मी हातसुद्धा लावलेला नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "माझ्या मुलीनं केलंय. ती काय उभी आहे." पन्नास माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली नाही.

पुढच्या वर्षी श्रावणातच वकीलकाका आमच्याकडे आले. वडिलांशी बोलायला लागले, तर वडिलांनी आत बोट केलं. "तिलाच विचारा."

वकीलकाका चपला काढून माजघरापर्यंत आले. "यंदा काय करू या, बाळ?"

"पूतना," मी म्हणाले. "पण तिला सुंदर करणार. भीती नंतर वाटली पाहिजे."

त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्यासमोर पाटावर बसून विचारलं, "मग सामान काय काय लागेल, सांग."